वासू, मी दिवस वाढवले

“उतरू नको बे! वासू, पाण्यात पाय ठेवू नको! उतरला तर वाहून जायच्या आधी मीच तुले बुडवीन!”

असा मी ओरडत होतो. माझा आवाज तुला ठाऊक आहे. त्या दिवशी तो जानेफळात ऐकू गेला, मेहकरात ऐकू गेला, आणि थेट बीबी गावच्या बाजारात तीन म्हशी दावं तोडून पळाल्या. नाल्याच्या त्या काठावर तू होतास. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात काळी छत्री, पायात सचिवालयात घालायचे बूट. ह्या काठावर मी. मधे आपला नाला, जो एरवी कोंबडीही पाय न भिजवता ओलांडते. त्या दिवशी तो असा फुगला होता की त्यातले मासे घाबरून लोणारच्या सरोवरात पळाले आणि तिथल्या पाण्यात आयतेच खारवून निघाले.

हसलास का? हसला नाहीसच. तेव्हाही नव्हतास हसला. कारण माझ्या मागं, वस्तीच्या पहिल्याच घरात, तुझी माय अंथरुणावर होती आणि तिचं काही खरं नव्हतं. पूर यायच्या आधी तार मीच केली होती. तू मुंबईहून निघालास, शेगावला गाडीतून उतरलास, तिथून मोटारीनं मेहकर, मग जानेफळ, जानेफळहून पायी. सगळा महाराष्ट्र ओलांडलास आणि शेवटच्या चाळीस पावलांना अडकलास.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तू कोणत्या साली कुठं लागलास, कोणत्या पदावर चढलास, हे लिहिणारे तुझ्या कचेरीत पुष्कळ असतील. मी वांगी लावणारा माणूस. मला नाला माहीत आहे. लिहायला बसलो की हात तिथंच जाऊन थांबतो.

दोन दिवस तू त्या काठावर उभा होतास. जानेफळची माणसं तुला भाकर आणून देत होती. मागं दहा पावलांवर करंजाचं मोठं झाड होतं, तिथं चल म्हणत होती. तू हलला नाहीस. छत्री तर पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली. तू ओरडायचास, “किसन्या, माय काय म्हणते?” मी पळत घरी जायचो, पळत परत यायचो आणि निरोप ओरडायचो.

“माय म्हणते, माह्या लेकानं सरकार चालवलं, माह्या जन्माचं सोनं झालं!”

तू पुन्हा विचारायचास. मी पुन्हा पळायचो.

“माय म्हणते, तुले हजार वर्सं आयुष्य भेटो! म्हणते, रडू नको, मी सुखात आहो! म्हणते, सात जन्म तूच माह्या पोटी ये!”

पाण्याच्या त्या आवाजात तू हाताचा द्रोण करून कानाला लावायचास आणि एकेक शब्द धरायचास. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काठावर आलो तेव्हा मात्र मला काही वाढवता आलं नाही. दोनच शब्द होते. “वासू, गेली.”

अग्नी मी दिला. लाकडं ओली होती, धूरच फार झाला. तुला तो दिसावा म्हणून मी सरण उंचवट्यावर रचायला लावलं होतं. तू पलीकडं त्याच गढूळ पाण्याच्या कडेला बसून अंघोळ केलीस. तिसऱ्या दिवशी सकाळी नाला गुडघ्यावर आला आणि तू चालत ह्या बाजूला आलास. बूट न काढता.

दहाव्याच्या दिवशी तू मला बाजूला घेतलंस. “किसन्या, मायनं नेमकं काय म्हणलं होतं?”

“मंग मी दोन दिवस काय ओरडून राह्यलो होतो?”

“माय एवढं लांब बोलत नव्हती बे.”

मी म्हटलं, मरताना माणूस लांब बोलतो. त्यानंतर दरवर्षी एकदा तरी तू मला ते विचारलंस, आणि दरवर्षी मी तुला वेगळंच काहीतरी सांगितलं. ते राहिलं आहे. सांगतो, थोडं थांब.

तू मुंबईला परत गेलास आणि त्या टिपणीला लागलास. मंत्रिमंडळापुढं जो कागद ठेवतात त्याला टिपणी म्हणतात, हे मला तुझ्यामुळं कळलं. तोवर मला वाटायचं, मंत्री गोल बसतात, सुपारी कातरतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. म्हणजे मला नेलं असतं तर एका बैठकीत सगळं राज्य आपल्या तालुक्यात आणलं असतं. तू म्हणालास, तसं नसतं. आधी कोणीतरी खाली बसून चार पानं लिहितं. पहिल्या पानावर आज काय चाललं आहे. दुसऱ्यावर काय करावं. तिसऱ्यावर, कोण नाही म्हणतं आणि का. आणि शेवटी एकच परिच्छेद, ज्याच्यावर फक्त हो किंवा नाही म्हणता येईल.

“नाही म्हणणाऱ्याचं तू काऊन लिहितं?” मी भडकलो होतो. “तो बसला आहे ना त्याचं लिवायले!”

“त्याच्यापेक्षा चांगलं लिवा लागते. त्यानं वाचून म्हणलं पायजे, मलेबी असंच म्हणायचं होतं. मंगच मंत्री आपल्यावर इस्वास ठेवते.”

मी ही रीत घरी वापरून पाहिली. नव्या बैलजोडीचा प्रस्ताव बायकोपुढं, कौसल्येपुढं, तुझ्या पद्धतीनं मांडला. तिसऱ्या पानावर तिचं म्हणणं इतकं चांगलं मांडलं की शेवटच्या परिच्छेदावर ती शांतपणे नाही म्हणाली.

तुझी टिपणी पुलांची होती. मोठ्या पुलांची नव्हे, आपल्यासारख्या चाळीस पावलांच्या नाल्यांवर टाकायच्या रपट्यांची, म्हणजे ठेंगण्या फरशी-पुलांची. नियम असा होता की ज्या वाटेनं रोज पुरेशा गाड्या जातात तिथंच पूल. पूल नाही म्हणून आपल्या वाटेनं गाड्या जात नव्हत्या, आणि गाड्या जात नव्हत्या म्हणून पूल नव्हता. तुझं म्हणणं, गाड्या मोजूच नका. वाट किती दिवस बंद राहते ते मोजा. एवढीच गोष्ट. पण एवढ्या गोष्टीला चार पानांत बसवायला तुला किती वर्षं लागली!

सुटीवर यायचास तेव्हा कागद आणत नसायचास. ते गुप्त असतात म्हणायचास. सगळं डोक्यात. मी वांग्यांना पाणी देत असायचो, तू शेताच्या कडेला धुऱ्यावर बसायचास, वाकलेला, पंचा डोक्यावर, आणि एक परिच्छेद तोंडी म्हणायचास. मग म्हणायचास, “आता तू सांग. आपल्या भाषेत. काही वाढवू नको, काही गाळू नको.” तुझा नेम होता तो. आपल्या बोलीत जे वाक्य परत सांगता येत नाही, ते मंत्र्यापुढं ठेवायच्या लायकीचं नाही. सचिवालयात कोणाला माहीत नसेल की ह्या राज्याच्या निम्म्या टिपण्या माझ्या वांग्यांनी आधी ऐकल्या आहेत. म्हणूनच ती वासराच्या डोक्याएवढी व्हायची.

पण मला एकदाही ते जमलं नाही. तू म्हणायचास, “पावसाळ्यात काही गावांचा संपर्क तुटतो.” मी सांगायचो, “बरसातीत गावंच्या गावं वाहून जाते अन् लोक झाडावर बसून लगन लावते.” तू डोळे मिटून घ्यायचास. मग जरा दूर गवत निंदणाऱ्या कौसल्येला हाक मारायचास. “वहिनी, तुमी सांगा.”

ती मान वर न करता म्हणायची, “पाणी आलं की काही गावायले जाता-येता येत नाही.”

“झालं,” तू म्हणायचास. “हे मंजूर.”

मला राग यायचा. एवढ्या वर्षांचा दोस्त मी, आणि मंजुरी तिची!

आपलं खरं भांडण दुसरंच होतं. मी म्हणत होतो, “त्या कागदात माय लिही. पहिल्याच पानावर लिही, की अमक्या कारकुनाची माय पल्याड मेली अन् तो अल्याड उभा राह्यला. एक मंत्री जरी माणसाच्या पोटचा असन तर तिथंच सही करते.”

तू म्हणालास, “माय माही आहे. सरकारची नाही.”

“मंग सरकारले माय नाही काय?”

“एका मायवर धोरण होत नसते किसन्या. उद्या दुसरा त्याची माय आणन, तिसरा आणन. ज्याची माय चांगली रडवन त्याच्या गावात पूल. अन् ज्याले रडता येत नाही तो?”

“मंग धोरण कशावर होते?”

“दिवसावर. दिवस कोणालेबी मोजता येते.”

मी उठून पाटाचं पाणी वळवायला निघून गेलो होतो. इतकं कोरडं बोलणारा माणूस दोन दिवस पावसात उभा राहू शकतो, हे मला तेव्हा एकत्र बसवता आलं नाही. आजही नीट बसत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी तुझं पत्र आलं. “मिरगापासून दसऱ्यापर्यंत आपला नाला किती दिवस बंद राह्यते ते मोज. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मोठ्या माणसाले ओलांडता नाही आला, तोच दिवस धर. अर्धा धरू नको. एक वाढवू नको.” शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. तुला खूप ठिकाणांहून असे दिवस मागवायचे होते. आपल्या नाल्यासाठी तू मला निवडलंस.

आणि मी मोजले, वासू. देवाशपथ मोजले. नाला बंद राहिला त्या दिवशी कोनाड्यात एक खडा ठेवायचो. दसऱ्याला पाहिलं तर अकरा खडे. मी ते हातात घेऊन बसलो. तळहात भरत नव्हता. ह्यात काय दम आहे, मला वाटलं. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, त्यात अकरा. मुंबईतला माणूस म्हणेल, अकरा दिवस घरी बसा, पापड लाटा. अकरा दिवसांत कोणाची माय थोडीच मरते!

मी चौपट केले आणि शुभ म्हणून वर एक घातला. पंचेचाळीस लिहिले. त्या पत्राखाली मी इतकी सुबक सही केली की तशी लग्नाच्या कागदावरही केली नाही.

दिवाळीला तू आलास. “दिवस भेटले,” एवढंच म्हणालास. मी ओसरीत बसून जमलेल्या लोकांना सांगत होतो की पुरात एक मगर आली होती आणि तिनं मला जानेफळचा रस्ता विचारला. तू चहाचा कप घेऊन आत चुलीपाशी जाऊन बसलास. मला वाटलं, शहरात राहून माणसाला माझ्या गोष्टींचा कंटाळा येऊ लागला.

वैशाखात पुन्हा आलास. टरबूज फोडायला बसलो होतो. तू म्हणालास, “टिपणी परत आली बे.”

माझा हात थांबला.

“मंत्रिमंडळापर्यंत गेलीच नाही. ज्या खात्याचं मत घ्या लागते त्यायनं परत धाडली. दिवसापाशीच अडकली.”

कशी अडकली, ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मला दिसलंच की कोणीतरी चष्मेवाला माझ्या पंचेचाळीसवर बोट ठेवून हसला असेल, म्हणाला असेल, हे गाव आहे की समुद्र. आणि एक आकडा खोटा निघाल्यावर बाकीच्या गावांचे खरे दिवसही त्यानं खोट्यात काढले असतील. तू माझ्याकडं पाहत होतास. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी ओरडून तरी मोकळा झालो असतो. मी घाईघाईनं सांगू लागलो की ह्या टरबुजात काल एक पाहुणा बसून झोपला होता. तू एक फोड उचललीस, बिया काढल्या, आणि म्हणालास, “पुन्हा मांडू. नवा मंत्री येऊ दे.”

त्यानंतर तीन वर्षं तू दर सुटीत धुऱ्यावर बसून तेच परिच्छेद म्हणत राहिलास, थोडे फिरवून. तीन वर्षांत तीनदा मी तोंड उघडलं होतं. एकदा शेगावला तुला गाडीत बसवताना. पण तिथं शिटी झाली. एकदा धुऱ्यावर, पण कौसल्या जवळ होती. तिसऱ्यांदा काही अडचण नव्हती. फक्त मी होतो, आणि तू होतास. मी म्हटलं, “वासू, ते दिवस…” तू म्हणालास, “राहू दे.” आणि मी राहू दिलं. इतक्या लवकर मी आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही.

तू खुर्चीत बसल्या बसल्या गेलास म्हणतात. समोर कागद होता म्हणतात. तार आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुझ्या कचेरीतला एक मनुष्य अस्थी घेऊन शेगावपर्यंत आला, मी तिथं घ्यायला गेलो. तो म्हणाला, साहेब कधी आवाज चढवत नसत. मी म्हटलं, त्यांच्या वाटचा मी चढवून ठेवला आहे. तो बिचारा हसला आणि परतीच्या गाडीत बसला.

परत येताना तुला छातीशी धरून मी नाल्यात उतरलो. वासू, नाला ठणठणीत कोरडा होता. दगड तापले होते. मी चाळीस पावलं मोजली, एकोणचाळीसच भरली. इतक्या वर्षांत मी तेही एक वाढवून सांगत आलो होतो. लोक म्हणाले, अस्थी मोठ्या नदीला नेऊ. मी म्हटलं, नाही, ह्याच पाण्यात जायचं आहे ह्याला, पाणी येईल तेव्हा. तोवर अस्थी घरात ठेवत नाहीत, झाडाला टांगतात. मी गाडगं फडक्यात बांधलं आणि जानेफळच्या काठावरच्या त्या करंजाला टांगलं.

त्याच झाडाला का, ते आता सांगतो.

तुझी माय दोनदाच बोलली. पहिल्यांदा मी धावत जाऊन सांगितलं की वासू आला, पलीकडं उभा आहे. ती म्हणाली, “आला का?” दुसऱ्यांदा मी गेलो तेव्हा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “भिजून राह्यला असन. म्हणा, झाडाखाली उभा राय.” त्यानंतर ती बोललीच नाही.

सोनं नाही, हजार वर्षं नाही, सात जन्म नाहीत. मला ते फार लहान वाटलं, वासू. एवढ्या मोठ्या पुरावरून एवढंसं वाक्य काय फेकायचं, असं वाटलं. मी जे होतं तेवढंच ओरडलो असतो तर तू ओळखलं असतंस की हे तिचंच आहे. तू मायचं ऐकून झाडाखाली गेला असतास. दोन दिवस तू माझ्या थापा ऐकत पावसात उभा होतास.

आणि पूलही मीच खाल्ला. तुझ्या चार पानांत एकच गोष्ट माझ्या हातची होती, आणि तीच खोटी होती. तू मला कधी बोलला नाहीस. कचेरीत कोणी विचारलं असेल की हा आकडा कोणी दिला, तर माझं नाव सांगितलं नसशील. तुझ्या नावावर घेतलं असशील. तू माझ्यासारखा दोस्त का सांभाळलास, हे एकदा तुझ्या पद्धतीनं तिसऱ्या पानावर लिहून ठेवायला हवं होतंस. नाही म्हणणाऱ्याच्या बाजूनं माझ्याकडं पुष्कळ मजकूर आहे.

करंजाला पालवी फुटली आहे. रोज सकाळी माळवं घेऊन जाताना मी गाडग्याला हात लावतो. मिरगाला अजून अवकाश आहे. पाणी येईल, तुला नेईल, आणि मग काही दिवस मी ह्या काठावर अडकलेला असेन. किती दिवस, ते मी मोजीन. एकही न वाढवता तुला सांगीन.

इथवर लिहून झालं आणि तुझा नेम आठवला. म्हणून आज दुपारी कौसल्येला समोर बसवलं. ती मेथी निवडत होती. तिला पहिल्यापासून वाचून दाखवलं; म्हशी, मासे, मगर, अकरा खडे, पंचेचाळीस, माय, सगळं. वाचताना माझा आवाज दोनदा बसला. ह्या आवाजाला बसलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. ती मेथी निवडतच राहिली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

मी विचारलं, “सांग. काही वाढवलं काय?”

तिनं मान वर केली नाही.

“दिवसाचं चुकलं तुमचं,” ती म्हणाली. “भाऊजींनं अकराच लिवले होते. चुलीपाशी बसून मलेच इचारले होते त्यायनं. ते अकरा दिवसच कमी पडले, म्हणून कागद परत आला.”